कुठली वस्ती किती वाजता: सुट्टीत मुंबई पायी बघणाऱ्यांसाठी

सुट्टीत मुंबईला येणारा पाहुणा बहुधा यादी खिशात घेऊनच उतरतो. गेटवे, राणीचा बाग, महालक्ष्मी, हाजीअली, सिद्धिविनायक, जुहू. दोन दिवस टॅक्सीत आणि रांगेत जातात, यादीवर खुणा होतात, आणि गावी परतल्यावर कुणी विचारलं की मुंबई कशी वाटली, तर उत्तर येतं, "गर्दी फार हो." गर्दी आहेच. पण त्यातली निम्मी आपण भलत्या वेळी तिथे पोचल्यामुळे आपल्या वाट्याला येते.

आमच्याकडे मे महिन्यात आणि दिवाळीनंतर रत्नागिरी, गुहागर, देवगडकडची मंडळी हटकून उतरतात. त्यांना फिरवता फिरवता एक गोष्ट पक्की झाली: काय बघायचं हे नंतर, किती वाजता बघायचं हे आधी ठरवावं. ससून डॉक पहाटे पाचला बघावा, नऊला गेलात तर ओली फरशी आणि रिकाम्या टोपल्या. मंगळदास मार्केट रविवारी कुलूपबंद, पण त्याच रविवारी सकाळी फोर्टातले रस्ते इतके मोकळे की मान वर करून निवांत इमारतींचे माथे बघत चालावं. शिवाजी पार्क दुपारी दोनला म्हणजे नुसती धूळ, संध्याकाळी साडेपाचनंतर तिथे अख्खं दादर येतं. खालचं सगळं या हिशोबाने लिहिलं आहे. दिवसाला दोन वस्त्या पुरे. एक सकाळी, एक संध्याकाळी, मधल्या उन्हात संग्रहालय किंवा सरळ झोप.

मुक्काम आणि महिना

राहायला दादर परिसर घ्या. कुलाब्यात राहिलं की समुद्र जवळ पडतो, पण खिसाही लवकर रिकामा होतो. दादरला मध्य आणि पश्चिम, दोन्ही रेल्वे भेटतात, मेट्रो तीनचं स्टेशन आहे, आणि तुतारी एक्स्प्रेसने येणाऱ्याला तर गाडीतून उतरून चालतच खोली गाठता येते. शिवाय सकाळी सहाला कांदेपोहे आणि रात्री दहाला सोलकढी मिळण्याची खात्री. एक लक्षात ठेवा: दादरच्या प्लॅटफॉर्मना २०२३ च्या डिसेंबरपासून सलग नंबर आहेत. १ ते ७ पश्चिम रेल्वेचे, ८ पासून पुढचे मध्य रेल्वेचे. जुन्या माणसांच्या डोक्यात अजून जुनेच नंबर असतात, तेव्हा "पाच नंबरवर ये" असं कुणी सांगितलं तर कुठलं पाच ते विचारून घ्या.

खोली नको, फक्त दिवसभर फिरून रात्रीची गाडी पकडायची असेल, तर सामान मोठ्या स्टेशनच्या क्लोक रूममध्ये टाका. पिशवीला कुलूप लागतं, नसेल तर घेत नाहीत.

महिना म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पण शाळेच्या सुट्ट्या मे महिन्यात, म्हणून बहुतेकांची मुंबई मे महिन्यातली. तेव्हा सकाळी साडेसहाला बाहेर पडायचं, अकराच्या आत सावलीत, आणि पुन्हा पाचनंतर. घाम कोकणातल्यासारखाच, फक्त इथे वारा अडवायला इमारती आहेत. जुलैत यायचं तर छत्रीपेक्षा चपला नीट निवडा. पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस आला की सखल भागात पाणी तुंबतं, कारण पावसाचं पाणी समुद्रात जायची वाटच भरतीने बंद होते. हिंदमाता, मिलन सबवे ही नावं बातम्यांत ऐकलेली असतील. अशा दिवशी संग्रहालय गाठावं, नाहीतर खोलीत भजी.

लोकलची थोडी समज

लोकलला घाबरू नका, पण उलट बाजूने वापरा. सकाळी आठ ते अकरा गर्दी दक्षिणेकडे, म्हणजे सीएसएमटी-चर्चगेटकडे जाते. संध्याकाळी पाच ते साडेआठ ती परत उत्तरेकडे फिरते. म्हणून वांद्रे-वर्सोव्याला जायचं ते सकाळी किंवा संध्याकाळी पाचच्या आत, आणि गिरगाव-फोर्टला एक तर आठच्या आत पोचायचं नाहीतर अकरानंतर निघायचं. दादर ते बोरिवली संध्याकाळी सहाच्या फास्ट लोकलने आजीला घेऊन जाण्याचा विचारही करू नका.

तिकिटासाठी रांग लावायची गरज नाही, मोबाईलवर किंवा स्टेशनातल्या यंत्रावर काढता येतं. खूप फिरायचं असेल तर एक, तीन किंवा पाच दिवसांचं टुरिस्ट तिकीट मिळतं, ते तिन्ही मार्गांवर चालतं. खिडकीवर नाव घेऊन मागा, आपणहून कुणी सुचवत नाही. रविवारी निघायच्या आधी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी रेल्वेमार्ग काही तास बंद, कुठे आहे ते बघा. आणि डब्यात शिरताना पाठीवरची सॅक पोटाशी घ्या, नाहीतर कुणीतरी तुम्हाला ते सांगेलच, आणि प्रेमाने सांगेलच असं नाही.

मेट्रो तीनचा शेवटचा टप्पा २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला आणि दक्षिण मुंबईचं फिरणं बदललं. सिद्धिविनायक, वरळी, गिरगाव, काळबादेवी, हुतात्मा चौक, सगळं एका गाडीच्या रांगेत आलं. वयस्कर माणसं बरोबर असतील तर हाच मार्ग. फक्त जमिनीखाली मोबाईलला रेंज मिळेलच असं धरून चालू नका, चुकामूक झाली तर कुठे थांबायचं ते आधीच ठरवा.

रिक्षा माहीम आणि शीवच्या पुढे दक्षिणेला चालत नाही. तिथून पुढे काळी-पिवळी टॅक्सी. मीटरने जा.

पहाटे: मासे किंवा फुलं

दोन पहाटा आहेत, आवडीप्रमाणे एक निवडा. ससून डॉक कुलाब्याला, १८७५ सालचा. पाचच्या सुमाराला होड्या रिकाम्या होत असतात, कोळणी टोपल्यांभोवती उभ्या राहून लिलाव करतात, बर्फ फुटत असतो, आणि हातगाडीवाला "बाजू, बाजू" करत अंगावर येतो. तिथे पर्यटकासाठी कुणी थांबत नाही आणि थांबूही नये. चप्पल जुनी, पँट दुमडलेली, भिंतीच्या कडेने चालायचं. फोटो काढायला बंदर प्रशासनाची परवानगी लागते, तेव्हा मोबाईल खिशातच राहू द्या. मिरकरवाडा किंवा हर्णैचा लिलाव ज्यांनी पाहिला आहे त्यांना पद्धत ओळखीची वाटेल, पसारा मात्र चक्रावून टाकेल. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा जाऊ नका.

दुसरी पहाट दादर पश्चिमेला, स्टेशनाला लागून असलेल्या फूल मंडईत. चारपासून माल उतरतो. झेंडू, शेवंती, मोगरा, वेण्या, बेल, दूर्वा. साडेसहानंतर घाऊक विक्री सरते आणि लोकलची गर्दी मिसळते, म्हणून सहाच्या आत. बाहेर पडून छबिलदास गल्लीत वळा. छबिलदास शाळेच्या सभागृहाने सत्तरच्या दशकात मराठी प्रायोगिक रंगभूमीला घर दिलं. आज बहुतेक लोक गल्लीत बटाटेवड्यासाठी थांबतात, पण तो इतक्या पहाटे मिळायचा नाही. संध्याकाळी परत या.

गिरगाव, सकाळी आठ ते दहा

एकच वस्ती बघायला वेळ असेल तर मी गिरगाव सांगेन. कारण कोकणातला माणूस मुंबईत येऊन कसा राहिला हे इथल्या वाड्या बघून जेवढं कळतं तेवढं कुठल्याही संग्रहालयात कळत नाही. वाड्यांची नावंच बघा: फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी. आंबा-फणस केव्हाच गेले, वाडी राहिली. आता वाडीही जायला लागली आहे. चाळीच्या जागी टॉवर उभे राहताहेत, तेव्हा "पुढच्या खेपेला बघू" म्हणू नका.

चर्नी रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरा किंवा मेट्रोने गिरगावला. जगन्नाथ शंकरशेट रस्ता हा तुमचा कणा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली, तिच्यामागच्या खटपटीत नाना शंकरशेट होते. त्यांच्या नावाच्या रस्त्याने चालत डाव्या-उजव्या बाजूच्या वाड्यांत शिरत जायचं, एवढाच कार्यक्रम.

पहिली खोताची वाडी. जगन्नाथ शंकरशेट रोड आणि व्ही. पी. रोड यांच्या मध्ये ही अरुंद गल्ली आहे. एका खोताच्या जमिनीवर वसली म्हणून हे नाव, पुढे ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या, मूळच्या इथल्याच ख्रिस्ती कुटुंबांनी इथे घरं बांधली. लाकडी, उतरत्या कौलांची, बाहेरून जिना असलेली, पुढे व्हरांडा. वेंगुर्ल्याच्या किंवा वसईच्या माणसाला घर ओळखीचं वाटेल, फक्त रंग जास्त भडक. एके काळी पासष्टच्या आसपास घरं होती, आता निम्मीही उरलेली नाहीत.

वाडीत शिरायचं कसं, हे थोडं सविस्तर सांगतो, कारण इथेच लोक चुकतात. चार-पाच जणांच्या वर एकत्र जाऊ नका. व्हरांड्यात माणूस बसलेला असेल तर फोटो काढायच्या आधी बोला. काहीही विचारा, अगदी वाट विचारली तरी चालेल.

"काका, ही वाडी पलीकडे निघते का?"

"निघते की, व्ही. पी. रोडला. कुठून आलात?"

"रत्नागिरीहून."

"रत्नागिरीत कुठे?"

झालं. पुढची दहा मिनिटं गेली म्हणून समजा, आणि त्या दहा मिनिटांत पाण्याची वेळ, बिल्डरची भानगड, कुठल्या घरात कोण राहून गेलं, सगळं कळतं. दुपारी एक ते चार या वेळात मात्र वाड्यांत पाऊल टाकू नका. ती झोपेची वेळ.

तिथून केशवजी नाईक चाळीकडे. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली इथे बसला, आणि आजही तिथली मूर्ती लहान असते. लालबागची रांग बघून आलेल्यांनी तर इथे यावंच. चाळ बघायची ती खालच्या चौकातून. वरच्या मजल्यांच्या गॅलरीत लोकांचे कपडे, सायकली, तुळशी, पिंप आणि कधी कधी आजोबांची खाटसुद्धा असते. तो लोकांच्या घराचा भाग आहे. बोलावलं तरच वर जा, आणि बोलावलं तर नाही म्हणू नका.

खायला ठाकुरद्वारच्या बाजूला विनय हेल्थ होमची मिसळ, पणशीकरांकडचं पीयूष. मुलांना कंटाळा आला असेल तर चालत चौपाटीवर न्या. तिथे टिळकांचा पुतळा आहे, १९२० साली त्यांच्यावर अंत्यसंस्कार याच वाळूवर झाले. सकाळच्या वेळी भेळवाले नसतात, त्यामुळे मुलांशी वाद टळतो.

पाय चालत असतील तर त्याच सकाळी वाळकेश्वरची बाणगंगा. बस किंवा टॅक्सीने तीनबत्तीला उतरून खाली पायऱ्यांनी जायचं. चारी बाजूंनी उंच इमारती आणि मध्ये दगडी पायऱ्यांचं गोड्या पाण्याचं तळं, समुद्र हाकेच्या अंतरावर. ११२७ मध्ये शिलाहारांच्या दरबारातल्या लक्ष्मण प्रभूने ते बांधलं आणि १७१५ मध्ये रामा कामतीने जीर्णोद्धार केला, असा इतिहास सांगतात. उत्तर कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहारांची आठवण मुंबईच्या सगळ्यात महागड्या टेकडीच्या पायथ्याशी शिल्लक आहे, हे मला दर वेळी गमतीचं वाटतं. शेजारी गौड सारस्वतांची देवळं आणि कवळे मठ. पितृपक्षात तिथे श्राद्धाची गर्दी असते, ते पंधरा दिवस सोडा.

फोर्ट रविवारी, बाजार सोमवारी

फोर्टबद्दल लिहिलेलं भरपूर आहे, मी थोडक्यात आटोपतो. रविवारी सात वाजता सीएसएमटीपासून निघा. स्टेशनची इमारत १८८८ ची, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सची, समोरची महापालिकाही त्याच माणसाची. हुतात्मा चौकातून ओव्हल मैदानावर या आणि मधोमध उभे राहा. एका बाजूला हायकोर्ट, विद्यापीठ, १८७८ चा राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला गेल्या शतकातल्या तीस-चाळीसच्या दशकांतल्या गोल कोपऱ्यांच्या, जहाजासारख्या बाल्कन्यांच्या इमारती. गॉथिक आणि आर्ट डेको यांच्या या समोरासमोरच्या रांगांना युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारसा ठरवलं. पुढे काळा घोडा, गेटवे. नऊच्या आत सगळं होतं.

मूळ काळा घोडा मात्र तिथे नाही. घोड्यावर बसलेल्या सातव्या एडवर्डचा तो पुतळा भायखळ्याला राणीच्या बागेत नेऊन ठेवला आहे. सध्या चौकात आहे तो स्वाराशिवायचा नवा घोडा.

बाजारांसाठी कामाचा दिवस हवा. १८६९ चं क्रॉफर्ड मार्केट (आता महात्मा जोतिबा फुले मंडई), मंगळदास मार्केटमधलं कापड, भुलेश्वर, मुंबादेवी, झवेरी बाजार हा एकच सलग पट्टा आहे. अकराला सुरू करा, दीडला भुकेने थांबा. चोरबाजारातली दुकानं शुक्रवारी बंद. देवगड-रत्नागिरीच्या मंडळींनी मे महिन्यात क्रॉफर्ड मार्केटात हापूसचे भाव विचारावेत आणि गप्प पुढे जावं. तिथे हुज्जत घालून रक्तदाब वाढवण्यात अर्थ नाही.

दुपार: भायखळा

राणीच्या बागेचं खरं आकर्षण प्राणी नव्हे, असं माझं मत. पेंग्विनला लहान मुलं खूश होतात, ते ठीकच. पण फाटकाजवळचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय कुणी चुकवू नये. १८७२ पासून याच इमारतीत आहे. आत जुन्या मुंबईची मातीची आणि लाकडी मॉडेलं, होड्यांचे प्रकार, व्यवसायानुसार पगड्या आणि पोशाख, नकाशे. सात बेटं जोडून शहर कसं झालं ते नकाशांवरून मुलांना पाच मिनिटांत समजतं. बाहेर उभा असलेला दगडी हत्ती घारापुरीहून आणलेला आहे, ज्यावरून पोर्तुगीजांनी बेटाचं नाव एलिफंटा पाडलं. बाग आणि संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद. घारापुरीच्या लेण्या सोमवारी बंद. हे दोन वार पाठ करा, कारण बोटीतून घारापुरीला जाऊन बंद फाटक बघून परत येणारे लोक मी गेटवेवर पाहिले आहेत.

लालबाग: नाकाने बघायची वस्ती

चिंचपोकळी किंवा करी रोडला उतरा. पुलावर दोन मिनिटं थांबून गिरण्यांची धुराडी शोधा. काही टॉवरांच्या मध्ये अजून उभी आहेत. हे गिरणगाव. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, सातारा इथून आलेल्या माणसांनी इथल्या चाळी भरल्या. एकेका गावाची एक खोली असे, गावकीची. तिथे पंधरा-वीस जण पाळ्यांप्रमाणे आलटून पालटून झोपत, ट्रंका भिंतीला रचलेल्या, जेवण खानावळीत. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि बहुतेकांना गिरणी पुन्हा दिसली नाही. लोअर परळला गिरण्यांच्या जागेवर मॉल आणि ऑफिसं आहेत. तुमच्या घरातल्या कुणी आजोबांनी गिरणीत खातं सांभाळलं असेल तर येण्याआधी त्यांना गिरणीचं नाव आणि चाळीचा नंबर विचारून ठेवा. ती चाळ शोधत फिरणं हा लालबाग बघण्याचा सगळ्यात चांगला मार्ग आहे. सापडली नाही तरी वाटेत विचारलेली चार माणसं बरंच काही सांगतात.

मग मिरची गल्ली. मार्च ते मे या काळात अकराच्या सुमाराला जा, रुमाल हाताशी ठेवा. एका बाजूला मिरच्यांची पोती: बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, काश्मिरी देखणेपणाला. बायका मूठभर उचलून वाजवून बघतात. वाळलेली मिरची खुळखुळते, ओलसर असली की गप्प बसते. मग धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेशर, मालवणी मसाला असेल तर तिरफळ. दुकानदाराला "पाच किलो मिरचीचा मालवणी" एवढं म्हटलं तरी तो बाकीचं प्रमाण तोंडपाठ सांगतो, पण घरची चिठ्ठी असेल तर ती द्या, त्याचा अपमान होत नाही. देठ काढणं, भाजणं आणि डंखावर कांडप, सगळं तिथल्या तिथे होतं. स्वतः उभं राहून कांडून घ्यावा. तास-दीड तास लागतो, शिंका येतात, आणि शेजारी उभी असलेली परळची मावशी तुमच्या चिठ्ठीत काय कमी आहे ते सांगितल्याशिवाय राहत नाही. कांडलेला मसाला गरम असतानाच पिशवीत बांधून घेऊ नका, निवू द्या, नाहीतर वाफ धरते. तोवर चिवडा गल्लीत चक्कर मारा, किंवा लाडू सम्राटमध्ये जाऊन कोथिंबीर वडी आणि लाडू.

गणपतीत लालबागला जायचं असेल तर पहिल्या दोन दिवसांत, सकाळी. लालबागचा राजा १९३४ पासूनचा, गणेश गल्लीचा त्याहूनही जुना, चिंचपोकळीचा चिंतामणी १९२० चा. राजाच्या दोन रांगा असतात: नवसाची आणि मुखदर्शनाची. पाहुण्यांनी मुखदर्शनाची धरावी. शेवटच्या शनिवार-रविवारी लहान मुलं आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन या भागात फिरकूच नये.

कोळीवाडे आणि भरतीचं गणित

कोळीवाड्याची वेळ घड्याळावर नाही, तिथीवर ठरते. किनाऱ्यावरच्या घरांत हे गणित ठाऊक असतं, पण शहरात आलं की विसरतो: तिथीचा आकडा घ्या, पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला साधारण सव्वाअकरा-बारा. ओहोटी तिथून सहा तासांच्या आसपास. मिनिटाला मिनिट जुळणार नाही, पण दिवस आखायला पुरतं. हाजीअलीची वाट मोठ्या भरतीत पाण्याखाली जाते, तेव्हा तिथे जायचं ते हे गणित करूनच. पौर्णिमेच्या दुपारी बाराला पोचून रस्त्यावर उभे राहणाऱ्यांपैकी निम्मे तरी आपलेच कोकणातले असतात!

वरळी कोळीवाडा माझ्या आवडीचा. मेट्रोच्या वरळी स्टेशनवरून टॅक्सी करा, वस्तीच्या तोंडाशी उतरा आणि गल्ल्यांतून टोकाच्या किल्ल्याकडे चालत जा. किल्ला छोटा, इंग्रजांनी बांधलेला. समोर वांद्रे-वरळी सागरी सेतू, २००९ चा. पुलावरून गाडीतून जाणाऱ्यांना कोळीवाडा दिसतो ठिपक्याएवढा, इथून पूल दिसतो पूर्ण. वाटेत गोल्फादेवीचं देऊळ. गल्ल्या एक माणूस जाईल एवढ्याच, दारात मासे साफ करत बसलेल्या बायका, जाळी विणणारे हात, दोरीवर सुकत घातलेले बोंबील. पिशवी भिंतीला घासली तरी कुणाचा तरी संसार हलतो, तेव्हा सांभाळून.

इथे मासे घ्यायचे असतील तर किलोची भाषा बाजूला ठेवा. मांदेली, कोळंबी, बोंबील वाट्याने; पापलेट, सुरमई नगावर. "मावशी, वाटा कसा दिला?" असं विचारा आणि पहिला भाव ऐकून लगेच पुढे जाऊ नका, तो बोलणं सुरू करण्यासाठी असतो. मात्र भाव ठरल्यावर मागे फिरलात तर जे ऐकायला मिळेल त्याला हा लेख जबाबदार नाही. लॉजवर चूल नसते, म्हणून पाहुण्यांनी सुकं घ्यावं: सोडे, जवळा, सुके बोंबील. तीन पिशव्यांत बांधून घ्या, आणि तरीही डब्यात वास येणार हे गृहीत धरा.

नारळी पौर्णिमेला आणि शिमग्याला कोळीवाडे सजतात. त्या दिवशी पाहुणे चालतात, मधे मधे करणारे कॅमेरे चालत नाहीत.

संध्याकाळ

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसायला साडेपाचला जागा शोधावी लागते. आत एकाच वेळी दहा-बारा क्रिकेटचे डाव चाललेले, चेंडू कुणाचा कुणाकडे जातो हे खेळणाऱ्यांनाच ठाऊक. कट्ट्याच्या पूर्ण फेरीला वीस मिनिटं लागतात. त्यानंतर समुद्राकडे चैत्यभूमी, बाबासाहेबांचं अंत्यसंस्कार स्थळ. ६ डिसेंबरच्या आसपास दादरला लाखो लोक येतात. दर्शनाला यायचं असेल तर त्या तयारीने या, नुसतं फिरायला यायचं असेल तर ते दिवस टाळून. रात्री शिवाजी मंदिरला नाटक बघा. प्रयोगाची जाहिरात वर्तमानपत्रात आणि ऑनलाइन दोन्हीकडे असते, मागच्या रांगांची तिकिटं परवडतात, आणि मध्यंतरातला वडा हा नाटकाचाच भाग समजतात.

वांद्र्याला सगळे बँडस्टँडवर जातात. तुम्ही रानवार आणि चिंबईच्या गल्ल्यांत जा, खोताच्या वाडीची भावंडं आहेत ती. मग मोत माउली (माउंट मेरीचं चर्च), आणि सूर्यास्ताला १६४० चा वांद्र्याचा किल्ला. मोत माउलीची जत्रा ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर, तेव्हा गर्दीची तयारी ठेवा.

मरीन ड्राइव्ह रात्री नऊनंतर. काही करायचं नाही, बसायचं.

परत जाताना

सामान हलकं असेल आणि घाई नसेल तर परतीला गाडीऐवजी पाणी धरा. माझगावचा भाऊचा धक्का हा कोकणाचा जुना दरवाजा. आगबोटी इथून रत्नागिरी, मालवण, गोव्यापर्यंत जात. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्या पिढीतली माणसं आजही तिचं नाव हळू आवाजात घेतात. आता धक्क्यावरून रेवस आणि मोऱ्याला लाँच जातात, आणि २०२० पासून मांडव्याला रो-रो बोट. रो-रो तासाभरात पोचवते, गाडीही नेता येते. सकाळी लवकर गेलात तर धक्क्यालगतचा माशांचा बाजारही दिसेल, आणि वेळ असेल तर माझगावातच म्हातारपाखाडीची जुनी घरं. पावसाळ्यात गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या बोटी बंद असतात आणि खराब हवेत रो-रोच्या फेऱ्याही रद्द होतात, म्हणून आदल्या संध्याकाळी खात्री करा. मांडवा किंवा रेवसहून अलिबाग, आणि अलिबाग आगारातून रेवदंडा, मुरूडकडे एसटी. रत्नागिरीच्या पुढे जाणाऱ्यांनी मात्र हा मोह सोडून दादरला गाडी पकडावी. कोकण रेल्वेचं मे आणि गणपतीतलं आरक्षण सुरू होताच काही मिनिटांत संपतं, तेव्हा परतीचं तिकीट मुंबईला निघण्याआधीच हातात हवं.